मृत देहाचा धनी कोण?

मनुष्य मेल्यावर त्याच्या देहाचा धनी कोण, हा प्रश्न आपण सहसा मनांत आणीत नाहीं. परंतु वैद्यकाच्या विद्यार्थ्याला शवविच्छेदनावांचून गत्यंतर नसतें. आणि तें शव आणावयाचें कोठून, याचें उत्तर शोधतांना कायद्याला तीन पायऱ्या चढाव्या लागल्या.

पहिली पायरी शिक्षेची. इंग्लंडांत १७५२ पासून फांशी दिलेल्या खुन्याचें शव विच्छेदनासाठीं देत. पण फांशीं जाणारे थोडे, शिकणारे फार! शिवाय कायद्याच्या दृष्टीनें शव ही कोणाचीच मालमत्ता नव्हे. कबर उकरून कफन नेणारा चोर ठरे. नुसतें शव नेणाऱ्याला मात्र चोरीचा आरोप लागू होत नसे. १८२८ सालीं एडिंबरोंत बर्क व हेअर या जोडीनें तर सोळा माणसें ठार करून त्यांचीं शवें डॉ. नॉक्स यांच्या विच्छेदनशाळेस विकलीं. हेअर माफीचा साक्षीदार होऊन सुटला. बर्क १८२९ च्या जानेवारींत फांशीं गेला व त्याच्याच देहाचें विच्छेदन झालें.

या प्रकरणानें लोक हादरले आणि १८३२ सालीं नवा कायदा झाला. खुन्यांचीं शवें देण्याची चाल बंद झाली. त्यांच्या जागीं, ज्यांवर कोणी आप्त हक्क सांगत नाहीं अशीं गरीबखान्यांतील शवें मिळूं लागलीं. शवचोरांचा धंदा बसला, हें खरें. परंतु काल जी खुन्याची शिक्षा होती, ती आज दरिद्र्याच्या कपाळीं आली! ही दुसरी पायरी. आपल्या मुंबई प्रांताचा १९४९ चा कायदाही बेवारस शवांच्याच पायावर उभा राहिला.

तिसरी पायरी दानाची. तत्त्वज्ञ जेरेमी बेंथॅम १८३२ च्या जूनमध्यें, म्हणजे तो नवा कायदा होण्यापूर्वींच, वारला; आपला देह त्यानें स्वेच्छेनें विच्छेदनासाठीं दिला होता. अवयवांपुरती ही वाट आपल्याकडे १९९४ च्या कायद्यानें आंखून दिली. तो प्रथम लागू झालेल्या राज्यांत महाराष्ट्र व गोवा हीं होतीं. दात्याची संमति लेखी हवी, दोन साक्षीदार हवेत, त्यांत एक तरी जवळचा नातलग हवा. आणि अवयवांचा व्यापार हा गुन्हा.

नातलगाची ही अट मला फार अर्थपूर्ण वाटते. आपला निश्चय घरांत बोलून ठेवावा, असेंच जणूं कायदा सुचवितो. ज्यांना कोणी विचारलें नाहीं, अशा अनाथांच्या देहांवर पिढ्यान् पिढ्या वैद्य शिकले आणि आपण बरे झालों. तें ऋण फेडावयाचें, तर ज्यांना विचारणारें कोणी आहे त्यांनींच पुढें व्हावयास हवें.