मिक्सर कुणी जाळला?

गेल्या मे महिन्यात लिंबागणेशच्या घराचा माळा रिकामा करायला घेतला. पत्रे बदलायचे होते, त्यामुळे वरचं सगळं खाली आणणं भागच होतं. दोन कंदील, पितळी पंपाचा स्टोव्ह, बूड जळालेला कुकर आणि पोत्यात गुंडाळलेला मिक्सर. तो मिक्सर दिसला आणि एकदम १९९६ ची दिवाळी आठवली.

आमच्या घरच्या जुन्या मंडळींना ही गोष्ट सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. १९९४ साली काकांनी बीडहून मिक्सर आणला. (कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही, का ते पुढे कळेल.) दोन वर्षं चालला आणि दिवाळीच्या तोंडावर, येसराची भाजलेली डाळ, धने, खोबरं फिरवताना, आतून धूर निघाला. घरभर जळक्या वार्निशचा वास. त्या दिवसापासून 'मिक्सर काकूनं जाळला' हे आमच्या घरातलं पक्कं वाक्य झालं. नवीन वस्तू घरात आली की कुणीतरी म्हणायचंच, "तिच्या हाती देऊ नका बरं का." भालचंद्राच्या दर्शनाला आलेल्या पाहुण्यांनाही चहाबरोबर हा किस्सा मिळायचा. सगळे हसायचे. मीही हसलो आहे. काकू काही बोलायची नाही. तिनं पुढे कित्येक वर्षं वाटण पाट्यावरच केलं.

तर परवा स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि मिक्सर उघडला. आत काय निघालं ते सांगतो, पण आधी माळ्यावरच्या बाकीच्या दोन वस्तूंबद्दल बोलू द्या. कारण 'यंत्र खराब की वापरणारा चुकला' हा वाद फार जुना आहे, आणि तो नेहमी स्वयंपाकघरातच येऊन थांबतो.

पितळी स्टोव्हबद्दल थोडंच लिहितो. स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टनं १८९२ च्या सुमारास काढलेला हा प्रायमस आपल्याकडे घरोघर पोचला. हवा भरायची, पिन मारायची, निळी ज्योत. पुढे वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' ही बातमी इतकी नेहमीची झाली की वाचणाऱ्याला काहीच वाटेनासं झालं. काही भडके खरेच अपघात होते. पण प्रत्येक वेळी सुनेवरच का भडकतो, सासूवर का नाही, हा प्रश्न स्त्री संघटनांनी विचारला, तेव्हा कुठे १९८३ मध्ये दंड संहितेत ४९८-अ आणि १९८६ मध्ये ३०४-ब आलं. म्हणजे इथे उलटंच होतं. दोष माणसांचा आणि नाव स्टोव्हचं.

कुकरची गोष्ट निराळी. देनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसानं १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला हाडंसुद्धा मऊ करणारं वाफेचं भांडं दाखवलं. ते फुटू नये म्हणून त्यानं वजनाची झडप बसवली. आपली शिट्टी तिचीच पणती. भारतात हॉकिन्स आणि प्रेस्टीज दोन्ही १९५९ चे. हॉकिन्स मुंबईचं. त्याचं झाकण आतून बसतं, त्यामुळे आत वाफ असेपर्यंत कितीही ओढा, ते निघत नाही. घाईत असलेल्या माणसाला 'थांबा' असं सांगून भागत नाही, हे ज्यानं ओळखलं त्याला नमस्कार.

शिट्टीशिवाय झाकणावर आणखी एक छोटी गुंडी असते, सेफ्टी व्हॉल्व. शिट्टी तुंबली किंवा आतलं पाणी आटलं तर तिच्यातला धातू वितळतो आणि वाफेला वाट मिळते. गुंडी एकदा वितळली की नवी आणायची. आता बाजारात अस्सल गुंडी महाग आणि नकली स्वस्त. नकली गुंडी वितळतच नाही. गिऱ्हाईक खूश, 'ही टिकते हो!' आणि मग एक दिवस कुकर फुटतो. प्रेस्टीजचे टी. टी. जगन्नाथन यांच्यापुढे नेमका हाच पेच होता. फुटलेल्या कुकरांचा शोध घेताना त्यांना कुकर त्यांचा आणि व्हॉल्व भलत्याच कुणाचा, असं दिसलं. 'आमचा सुटा भाग वापरला नाही, आमची जबाबदारी संपली' असं म्हणून हात झटकता आले असते. त्यांनी झाकणाच्या कडेला एक खाच पाडली. सगळं बंद पडलं तरी रबराची रिंग त्या खाचेतून बाहेर ढकलली जाते आणि वाफ निघून जाते. खाचेला नकली भाग बसवता येत नाही! माझ्या मते आपल्याकडच्या स्वयंपाकघरातलं हे फार शहाणं भोक आहे.

(१ फेब्रुवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह नसलेला घरगुती कुकर विकायला कायद्यानं बंदी आहे. म्हणजे पापँपासून आपल्याला तिथवर यायला साडेतीनशे वर्षं लागत आली.)

आता मिक्सर. मुंबईत सीमेन्समध्ये सत्यप्रकाश माथुर नावाचे इंजिनिअर होते. त्यांच्या पत्नी माधुरी यांच्याकडचा ब्राउन कंपनीचा जर्मन मिक्सर जळाला. जर्मनीच्या हिशोबानं तो चुकीचाच वापर होता. तिकडे त्यात फळं फिरवायची, दूध घुसळायचं. आपल्याकडे त्यात ओलं खोबरं, भिजवलेली डाळ, हळकुंड, सुकी मिरची. माथुरांनी बायकोला 'जपून वापर' म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. त्यांनी भारतीय वाटण झेपेल अशी दणकट मोटर बनवायला घेतली, आणि १९६३ मध्ये माधुरीबाई व त्यांच्या मैत्रिणींनी कंपनी काढली. तिचा मिक्सर म्हणजे 'सुमीत', चांगला मित्र. पुढे काही वर्षं तर आपल्याकडे मिक्सर म्हणजे सुमीत असंच होतं. जर्मन कारखान्यात ज्याला गैरवापर म्हटलं असतं, ते आपल्याकडचं रोजचं जेवण होतं.

पण सुमीत असो की दुसरा कुठला, मोटरला मर्यादा असतेच. म्हणून मिक्सरच्या तळाशी लाल बटण असतं, ओव्हरलोडचं. भांड्यात जास्त भरलं, पातं अडकलं, की मोटर जास्त करंट ओढते आणि बटण फट्‌कन बाहेर येतं. पाच-दहा मिनिटं थांबायचं, भांड्यातलं कमी करायचं, बटण दाबायचं.

आमच्याकडे ते सारखं बाहेर यायचं. आणि याचं कारण फक्त येसर नव्हतं. त्या वर्षांत शेतावरच्या मोटरी सुरू झाल्या की घरातला दिवा कंदिलासारखा पिवळा व्हायचा. कमी दाबाच्या विजेवर मिक्सरची मोटर रेंगाळते, पातं अडकायला वेळ लागत नाही. मोटरला गार ठेवणारा पंखा तिच्याच दांड्यावर असतो, म्हणजे फिरणं मंदावलं की वारंही कमी. अडकली की करंट वाढतो आणि तांबं तापतं. वीज येणार तेव्हाच वाटण करायचं, मग दाब असो वा नसो. काकूनं काय करायला हवं होतं?

मिक्सर उघडला तेव्हा वाइंडिंग काळंठिक्कर होतं, ते अपेक्षितच. पण लाल बटणाच्या मागे जिथे दोन तारा येतात, तिथे त्या दोघींना जोडणारा तारेचा एक इंचभर तुकडा होता. छान वळवून, डाग देऊन बसवलेला. म्हणजे बटण नुसतं शोभेला. मिस्तरींच्या भाषेत 'डायरेक्ट करून दिला'.

मग आठवलं. जळायच्या आधी काका मिक्सर दोनदा बीडला घेऊन गेले होते. "सारखा बंद पडतो, याचं काहीतरी कायमचं करा," असं त्यांनी दुकानात सांगितलं असणार. आणि कायमचं झालंच. आमच्या मीटरखालच्या चिनी मातीच्या फ्यूजमध्येही जाड तार होती, तीही काकांनीच घातलेली. फ्यूज 'सारखा उडतो' म्हणून. काका वाईट नव्हते हो. घरात पहिली सायकल, पहिला रेडिओ, पहिला मिक्सर त्यांनीच आणला. पण बंद पडणारी वस्तू त्यांना अपमानासारखी वाटायची. ती आपल्याला वाचवायला बंद पडते आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. त्या दुकानदारानं तर नाहीच.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा चाळला. सदोष वस्तूनं इजा झाली तर उत्पादकाला जबाबदार धरता येतं, पण कलम ८७ मध्ये सूट आहे: वस्तूचा गैरवापर झाला असेल, किंवा तिच्यात बदल केला असेल, तर विक्रेत्यावर दावा चालत नाही. आमचा तारेचा तुकडा बरोबर तिथे बसतो. कंपनी निर्दोष. नाव आता कळलं तरी लिहिणार नाही.

काका जाऊन नऊ वर्षं झाली. तारेचा तो तुकडा कापून घेतला आणि खाली अंगणात आलो. काकू शेंगा फोडत बसली होती. तिच्या हातावर तो ठेवला आणि सगळं समजावून सांगितलं. तिनं तो उलटसुलट करून पाहिला.

"ठावं होतं मला," ती म्हणाली. "बीडहून आणल्यापासून ते बटण बाहेर येतच नव्हतं. मी सांगितलं होतं तुझ्या काकाला, ह्याचं काहीतरी बिघडलंय म्हणून."

"मग काका काय म्हणाले?"

"म्हणाले, बिघडलं नाही, नीट झालंय."

तिनं तुकडा माझ्या हातात परत दिला आणि शेंगांचं सूप पुढे ओढलं.