आधी उपचार, मग कागद : ७२ तासांचा इतिहास

१/ लैंगिक अत्याचार झालेली एखादी मुलगी रात्री रुग्णालयात पोहोचली, तर तिला पहिला प्रश्न कोणता विचारावा? ‘कुठे दुखते आहे?’ की ‘पोलिसांचे पत्र आणले का?’ आज कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. त्या उत्तरापर्यंत पोहोचायला चाळीस वर्षे लागली आणि त्यातील बरीचशी वाटचाल महाराष्ट्रात झाली. (अत्याचाराचे उल्लेख आहेत, जपून वाचावे.)

२/ २६ मार्च १९७२. देसाईगंज, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, आताचा गडचिरोली. पोलीस ठाण्यातच एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप दोन पोलिसांवर ठेवला गेला. तिची वैद्यकीय तपासणी झाली ती दुसऱ्या दिवशी रात्री. अंगावर जखम नाही, योनीपटल पूर्वीच फाटलेले, दोन बोटे सहज जातात, अशा नोंदी पुढे निकालपत्रातही उतरल्या. दुखापत झालेली मुलगी नव्हे, मुद्देमाल तपासावा तशी ही भाषा आहे.

३/ सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही, असा तर्क. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार विधिअध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असे ठरले.

४/ न्यायालय बदलले. दवाखान्याचा उंबरठा मात्र तसाच राहिला. पोलिसांनी पाठवल्याशिवाय तपासणी नाही, हा अनेक सरकारी रुग्णालयांचा शिरस्ता होता. २००० साली कर्नाटकातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर स्पष्ट नापसंती नोंदवली. जिथे रुग्णालये मोजकी आणि लांब आहेत, त्या ग्रामीण भागाचा मुद्दाम उल्लेख करून.

५/ हा उशीर इतका घातक का, ते शरीराच्या घड्याळात दडलेले आहे. एचआयव्हीची लागण रोखणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात (जितकी लवकर तितकी बरी) आणि पुढे २८ दिवस घ्यावी लागतात. गर्भधारणा टाळणारी तातडीची गोळीही ७२ तासांत घ्यायची. पाच दिवसांपर्यंत ती काही अंशी उपयोगी पडते, पण गुण उतरत जातो. ठाण्याच्या बाकावर गेलेली एक रात्र म्हणजे या मुदतीतून वजा झालेले बारा तास.

६/ उपाय आधी मुंबईत आकारला. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २०००च्या सुमारास महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने ‘दिलासा’ केंद्र उघडले. घरात मार खाणाऱ्या स्त्रियांसाठी रुग्णालयाच्या आतच समुपदेशन मिळावे, ही कल्पना तेव्हा नवी होती. बाई पोलिसांकडे जाणार नाही, पण ‘पडले’ असे सांगून केसपेपर काढेल, हे या लोकांनी ओळखले होते. २००८ पासून तीन पालिका रुग्णालयांत लैंगिक अत्याचारग्रस्तांसाठी उपचार, पुरावा आणि आधार यांची एकत्र पद्धत बसवली गेली. दरम्यान सेवाग्रामचे न्यायवैद्यकतज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी ‘दोन बोटांच्या’ चाचणीविरुद्ध अभ्यास मांडला आणि त्यावरून नागपूर खंडपीठात जनहित याचिका झाली.

७/ दिल्लीतील डिसेंबर २०१२च्या घटनेनंतर २०१३ मध्ये फौजदारी कायदा बदलला आणि सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयावर मोफत, तात्काळ उपचाराचे बंधन आले. नकार दिल्यास एक वर्षापर्यंत कैद. मार्च २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढल्या आणि दोन बोटांची चाचणी त्याज्य ठरवली. तरीही ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाला तीच बंदी पुन्हा बजावावी लागली, यावरून सवयीचे वय समजावे.

८/ पालघर जिल्हा स्वतंत्र झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी, म्हणजे या सूचनांनंतर काही महिन्यांनी. तेव्हा बेटेगावात, बोईसरला वा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कोणालाही वांद्रे गाठायची गरज नाही. जवळच्या कोणत्याही रुग्णालयावर हेच बंधन आहे. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये आहे.

९/ बारकावा महत्त्वाचा : रुग्णालयाने पोलिसांना कळवायचे असते, पण उपचार तक्रारीवर अवलंबून नाहीत. तक्रार नको असल्यास प्रौढ व्यक्तीचा तो नकार लिहून घेतला जातो आणि औषध तरीही मिळते. अठरा वर्षांखालील असल्यास मात्र पोलिसांना कळवणे टळत नाही. तातडीला ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, एचआयव्हीविषयी १०९७.