मान हलवण्याचा अर्थ : मेटलचा एक व्हिडिओ

मंडळी, रूढी मोडायची म्हणजे नेमकं काय करायचं, यासाठी आज मी मेटल संगीताच्या व्हिडिओचं उदाहरण घेतोय.

१९८१ च्या १ ऑगस्टला अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं आणि त्या दशकात मेटल व्हिडिओचा साचा पक्का झाला. धूर, भगभगते दिवे, चामड्याचे कपडे, मोकळे केस, आणि तालावर जोरजोरात हलणाऱ्या माना, म्हणजे हेडबँगिंग. गोष्ट असलीच तर बंडाची, तीही बरेचदा गमतीची. ट्विस्टेड सिस्टरच्या १९८४ च्या व्हिडिओत दरडावणाऱ्या बापाची फजिती होते, तशी.

मेटालिका हा बँड यापासून लांब राहिला. चार अल्बम झाले, तरी एकाही गाण्याचा व्हिडिओ नाही. पहिला आला १९८९ मध्ये, ‘वन’ या गाण्याचा. बिल पोप आणि मायकेल सॉलोमन यांनी तो केला.

गाण्याचं मूळ डाल्टन ट्रम्बोच्या ‘जॉनी गॉट हिज गन’ या १९३९ च्या कादंबरीत आहे. १९७१ मध्ये ट्रम्बोनेच तिच्यावर चित्रपट काढला. पहिल्या महायुद्धात जो बॉनहॅम नावाचा सैनिक हात, पाय, डोळे, कान, तोंड सगळं गमावून बसतो. जाणीव तेवढी शाबूत राहते. मेटालिकाने या चित्रपटाचे हक्क घेतले आणि त्यातली दृश्यं व्हिडिओत जोडली.

आता रचना बघा. एका रिकाम्या गोदामात बँड वाजवतोय, कृष्णधवल चित्रण, माना हलतायत. म्हणजे रूढी पाळलीच आहे! पण मधेच पलंगावरचा जो दिसतो. त्याला हलवता येते ती फक्त मान. उशीवर डोकं आपटत तो मोर्स लिपीत विनवतो, मला मारून टाका. गाणं रंगलं की आपणही मान डोलावतो. ती दाद असते. इथे तीच हालचाल माणसाची शेवटची भाषा होते. हेडबँगिंग व्हिडिओतून काढून टाकलेलं नाही, त्याचा अर्थ बदललाय.

यावर एक आक्षेप रास्त आहे. दुसऱ्याची यातना आपल्या गाण्याला पडदा म्हणून वापरावी का? माझं उत्तर असं, की ती यातना गाण्यापेक्षा मोठी राहते का ते पाहावं. ‘वन’मध्ये चित्रपटातले संवाद चक्क वाद्यांवर चढवलेत. आपलं संगीत झाकलं जातंय, हे बँडने चालवून घेतलं. दृश्य नुसतं सजावटीला असतं, तर कोण असं करेल?

तेव्हा तुमच्यापैकी कोणी तरुण मित्र व्हिडिओ बेतायला बसलाच, तर धूर ठेवू की काढू, हा प्रश्न नंतरचा. ही खूण मुळात काय सांगत होती आणि माझ्या गोष्टीत ती काय सांगेल, हे आधी विचारा. उत्तर नसेल, तर रूढी मोडणं हीसुद्धा एक रूढीच होते.