एअर इंडियाची इमारत आणि खाडीपलीकडचं शहर

नोव्हेंबर २०२३मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नरिमन पॉइंटची एअर इंडियाची इमारत १,६०१ कोटी रुपयांना घ्यायचं ठरवलं आणि मार्च २०२४मध्ये केंद्राने त्याला मान्यता दिली. बातमीवर दोन-चार दिवस चर्चा झाली, तीही बहुतेक किमतीवर. मला त्या बातमीत वेगळंच काही दिसत होतं. ज्या सरकारने पन्नास वर्षांपूर्वी आपल्या कचेऱ्या खाडीपलीकडे नेण्याच्या इराद्याने एक अख्खं शहर वसवायला घेतलं, तेच सरकार आता कचेऱ्यांना जागा पुरत नाही म्हणून मुंबई बेटाच्या टोकाशी तेवीस मजले विकत घेत होतं. आणि ही इमारत उभी राहिली ती त्याच काळात, त्याच सरकारने दिलेल्या भूखंडावर.

इमारतीकडे येण्याआधी ती जिच्यावर उभी आहे त्या जमिनीबद्दल. तिथे मुळात समुद्र होता. बॅकबे बुजवून जमीन काढण्याची कल्पना मुंबईकरांच्या डोक्यात पहिल्यांदा शिरली ती १८६०च्या दशकात, अमेरिकेतल्या यादवीमुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा. बॅकबे रेक्लमेशन कंपनीच्या शेअरवर लोक वेड्यासारखे पैसे लावत होते. १८६५ला यादवी संपली, कापूस कोसळला, कंपनीही बुडाली. दुसरा प्रयत्न १९२०च्या दशकातला, गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचा. आठ ब्लॉक, अकराशेवर एकर जमीन, समुद्रात लांबलचक भिंत आणि आत गाळाचा भराव. भिंतीतून गाळ निसटत राहिला, खर्च फुगत गेला. लोक त्या योजनेला 'लॉइडचा मूर्खपणा' म्हणू लागले. या कारभारातला गोंधळ आणि गैरव्यवहार चव्हाट्यावर आणला तो एका पारशी वकिलाने, खुर्शीद फ्रामजी नरिमन यांनी. हार्वी नावाच्या इंजिनिअरने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. नरिमन निर्दोष सुटले. पुढे ते मुंबईचे महापौर झाले. योजना मात्र अर्ध्यावर राहिली. तिच्यातून मरीन ड्राइव्ह निघाला, कुलाब्याकडचा तुकडा निघाला आणि मधले ब्लॉक समुद्रातच राहिले.

स्वातंत्र्यानंतर त्या मधल्या ब्लॉकांपैकी एकावर पुन्हा भराव पडला आणि त्याच्या टोकाला नाव मिळालं नरिमन पॉइंट. समुद्र बुजवण्याच्या व्यवहाराविरुद्ध आयुष्यातली सगळ्यात मोठी लढाई लढलेल्या माणसाचं नाव, समुद्र बुजवून काढलेल्या देशातल्या सगळ्यात महागड्या जमिनींपैकी एकीला. हे कोणी मुद्दाम केलं असेल असं वाटत नाही, पण मुद्दाम करूनही इतकं जमलं नसतं. आणि गोष्ट तिथे थांबली नाही. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर इथले भूखंड जाहीर लिलाव न करता वाटल्याच्या तक्रारीवरून पुन्हा हायकोर्टाची पायरी चढावी लागली. या वेळी पुढे होते खासदार पिलू मोदी. तेही पारशी, आणि पेशाने वास्तुरचनाकार.

अशा जागेवर एअर इंडियाने आपलं मुख्यालय बांधलं. आज त्या कंपनीबद्दल बोलताना तोट्याचे आकडेच आठवतात, म्हणून तेव्हाची एअर इंडिया कशी होती ते सांगायला हवं. १९५३ला राष्ट्रीयीकरण झालं तरी अध्यक्ष जेआरडी टाटाच होते. १९७१मध्ये जंबो जेट ताफ्यात आलं. बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांचा महाराजा जगभर मिशा मिरवत होता. शहराशहरांतल्या बुकिंग ऑफिसांच्या भिंतींसाठी कंपनी १९५०च्या दशकापासून भारतीय चित्रकारांची चित्रं घेत होती. सुरुवातीच्या खरेदीत नागपूरकडच्या बी. प्रभा यांची चित्रं होती. त्यातून पुढे हजारो कलाकृतींचा संग्रह झाला. सरकारी मालकीच्या, पण स्वतःला सरकारी न समजणाऱ्या अशा कंपनीला मुख्यालयही तसंच हवं असणार.

आराखडा न्यूयॉर्कच्या फिलिप जॉन्सन आणि जॉन बर्जी यांच्या कार्यालयाचा. १९७०च्या दशकात या जोडीची गणना अमेरिकेतल्या कंपन्यांच्या सगळ्यात लाडक्या वास्तुरचनाकारांत होत होती. मिनिआपोलिसचं आयडीएस सेंटर आणि ह्यूस्टनचं पेन्झॉइल प्लेस याच सुमाराचे. १९८४मध्ये न्यूयॉर्कला एटी अँड टीच्या टॉवरवर त्यांनी जुन्या कपाटासारखी खाच असलेला माथा बसवला आणि जगभर वाद पेटवला. मुंबईच्या इमारतीत तसला खट्याळपणा नाही. ती सरळ उभी राहते. नरिमन पॉइंटच्याच टोकावरचं एनसीपीएचं टाटा थिएटरही जॉन्सनचंच, १९८०चं. दोन्ही पाहिलेल्या माणसाला मी विचारेन, तर तो थिएटरच जास्त चांगलं म्हणेल अशी माझी खात्री आहे. माझंही मत तेच.

तरीही १९७४मध्ये पूर्ण झालेली ही इमारत शहराच्या मनात बसली. मरीन ड्राइव्हवरून दक्षिणेकडे चालत गेलं की डावीकडे आर्ट डेको घरांची बुटकी, एकसारख्या उंचीची ओळ संपते आणि तीन उंच इमारती एकदम समोर येतात. एअर इंडिया, मग जोसेफ अॅलन स्टाइन यांनी रचलेला एक्स्प्रेस टॉवर्स, मग ओबेरॉय. एअर इंडियाच्या माथ्यावर कंपनीचं नाव आणि कोणार्कच्या चक्रात बसवलेला धनुर्धारी सेंटॉर. रात्री तो लाल दिसायचा. क्वीन्स नेकलेसच्या पिवळ्या दिव्यांच्या टोकाला तो लाल ठिपका होता म्हणून तो हार तिथे संपतो हे कळायचं.

बाकी रचना म्हणाल तर अमेरिकन ऑफिस टॉवरचं गणित इथेही तेच. भरावाची माती एवढं ओझं पेलत नाही, म्हणून पाया खालच्या खडकापर्यंत न्यायचा, आणि तेही हाकेच्या अंतरावर समुद्र असताना. लिफ्ट, जिने, पाणी, वातानुकूलनाची यंत्रं एकत्र गोळा करायची, उरलेला मजला मोकळा ठेवायचा आणि तोच मजला वर वर रचत जायचा. अशा मजल्याचा फायदा हा, की तो कोणालाही चालतो. आज विमान कंपनी, उद्या बँक, परवा सरकारी खातं. सुतगिरणी किंवा चाळ अशी सहज हात बदलत नाही. या इमारतीचं पुढे जे झालं ते या मोकळ्या मजल्यात आधीपासूनच होतं असं मला वाटतं.

आता खाडीपलीकडे. १९६५मध्ये चार्ल्स कोरिआ, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' मासिकात एक प्रस्ताव मांडला. मुंबईचं दुखणं त्यांनी अगदी सोप्या शब्दांत सांगितलं होतं. कामाच्या जागा सगळ्या बेटाच्या दक्षिण टोकाला, घरं उत्तरेला, त्यामुळे सकाळी सगळं शहर एका दिशेला आणि संध्याकाळी दुसऱ्या. दक्षिणेला आणखी कचेऱ्या बांधाल तर दुखणं वाढेल. बंदरापलीकडे नवं शहर वसवा आणि सरकारने स्वतः आधी तिकडे जावं, म्हणजे बाकीचे मागून येतील. सगळी मांडणी या शेवटच्या वाक्यावर तोललेली होती. सरकारला कल्पना पटली. मार्च १९७०मध्ये सिडको स्थापन झाली, कोरिआ तिचे मुख्य वास्तुरचनाकार झाले, खाडीवर वाशीचा पूल झाला.

आणि त्याच वर्षांत, वसंतराव नाईकांच्या त्याच कारकिर्दीत, नरिमन पॉइंटचे टॉवर एकामागून एक उठत होते. एका हाताने सरकार कचेऱ्या बाहेर न्यायची योजना आखत होतं, दुसऱ्या हाताने कचेऱ्यांसाठी समुद्र बुजवलेली जमीन देत होतं. विधानभवनही १९८१ला तिथेच उभं राहिलं. राज्याचा कारभार चालवणारे खाडीपलीकडे गेलेच नाहीत, मग कंपन्या तरी कशाला जातील? एअर इंडियाला दोष देण्यात अर्थ नाही. दिल्लीच्या मालकीच्या कंपनीने मुंबईत मिळाली ती उत्तम जागा घेतली. पण एवढ्या नावाजलेल्या कंपनीने तिथे मुख्यालय बांधल्यावर नरिमन पॉइंट हाच उद्याच्या मुंबईचा पत्ता, हे सगळ्यांनी गृहीत धरलं.

याची किंमत कोणी मोजली? एक तर ज्यांची जमीन गेली त्यांनी. नव्या शहरासाठी पंच्याण्णव गावांची जमीन घेतली गेली. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले आणि जानेवारी १९८४मध्ये उरण तालुक्यातल्या गोळीबारात पाच जण गेले. दुसरी किंमत तिथे राहायला आलेल्यांनी मोजली. माझी आई चर्चगेटजवळच्या एका कचेरीत कारकून होती. ऐंशीच्या दशकात आम्ही वाशीला घर घेतलं तेव्हा 'कचेऱ्या इकडे येणारच आहेत' हे वाक्य मी घरी इतक्यांदा ऐकलं की ते मला पावसाच्या अंदाजासारखं वाटायचं. १९९२ला लोकल वाशीपर्यंत आली, तोवर बस. निवृत्त होईपर्यंत ती रोज पहाटे डबा घेऊन खाडी ओलांडून पश्चिमेकडे गेली. ती एअर इंडियाच्या इमारतीला 'विमानाचं ऑफिस' म्हणायची आणि आत कधी गेली नाही.

१२ मार्च १९९३ला, शुक्रवारी दुपारी, इमारतीच्या तळघरातल्या गॅरेजमध्ये गाडीत ठेवलेला बॉम्ब फुटला. वर असलेलं बँक ऑफ ओमानचं कार्यालय उद्ध्वस्त झालं. त्या दिवशीच्या साखळी स्फोटांत शहरात २५७ माणसं गेली, त्यांतली वीस इथली. शेअर बाजार आणि एअर इंडिया ही ठिकाणं का निवडली गेली हे वेगळं सांगायला नको. शहराचा पैसा कुठे राहतो हे बाहेरच्यालाही त्या इमारतींवरूनच कळत होतं.

पुढचा उतार भराभर झाला. २००७ला इंडियन एअरलाइन्सचं विलीनीकरण, कर्जाचा डोंगर, २०१३ला मुख्यालय दिल्लीला. मजले भाड्याने गेले. जानेवारी २०२२मध्ये कंपनी टाटांकडे परतली, पण ही इमारत त्या व्यवहारात नव्हती. कर्जफेडीसाठी विकायच्या मालमत्तांच्या यादीत ती केंद्राच्या वेगळ्या कंपनीकडे राहिली. ज्या जेआरडींच्या काळात ती बांधली गेली, त्यांच्या समूहाकडे विमानं परत आली, इमारत नाही.

इकडे २१ जून २०१२ला मंत्रालयाला आग लागली. त्यानंतर खाती शहरभर भाड्याच्या जागांत पांगली आणि भाड्यापोटी दरवर्षी मोठी रक्कम जाऊ लागली. त्या हिशेबाने १,६०१ कोटींचा सौदा तोट्याचा नाही, असं सरकारचं म्हणणं, आणि नुसता हिशेब मांडला तर ते खोडून काढता येत नाही. मंत्रालय पायी जाण्याच्या अंतरावर, मजले मोकळे, एकूण क्षेत्र ४६ हजार चौरस मीटरच्या वर. पण त्या हिशेबात वाशी-बेलापूरचा रकाना नव्हता. आगीनंतरच्या वर्षांत खाती हलवायचीच होती, तेव्हा ती पूर्वेकडे हलवण्याची संधी १९७०नंतर पहिल्यांदा आपोआप चालून आली होती. त्यावर गंभीरपणे चर्चा झाल्याचं निदान माझ्या तरी कानावर आलं नाही.

आणखी एक बारकावा बातमीच्या खालच्या परिच्छेदात होता. भूखंड मुळात राज्य सरकारचाच होता, एअर इंडियाला भाडेपट्ट्याने दिलेला. त्यापोटी राज्याला येणं असलेले २९८ कोटी रुपये सौद्यात माफ झाले. इमारत पूर्ण रिकामी करून मिळाल्यावरच ताबा घ्यायचा, ही राज्याची अट होती.