एसईलिनक्स
एसईलिनक्स : लिनक्स या मुक्तस्रोत संगणक-प्रणालीच्या गाभ्यात अनिवार्य प्रवेश-नियंत्रण आणणारी सुरक्षाव्यवस्था. परक्यांचे संदेश चोरून ऐकणे हा जिचा मुख्य व्यवसाय, त्या अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने हे कुलूप घडवून डिसेंबर २००० मध्ये संपूर्ण आज्ञावलीसह जगापुढे ठेवावे, हा योग विलक्षणच. तथापि आज्ञावली खुली असल्याने शंकेखोरांना ती ओळ न् ओळ तपासण्याची मुभा होती. युटा विद्यापीठाच्या सहकार्याने सिद्ध झालेली ‘फ्लास्क’ ही रचना तिचे अधिष्ठान होय. युनिक्सच्या जुन्या रीतीत फाइलीचा मालक परवानगी देतो आणि ‘रूट’ या सर्वाधिकाऱ्यास सहसा कसलाच मज्जाव नसतो. येथे मात्र प्रत्येक प्रक्रियेस व फाइलीस एक चिठ्ठी जोडलेली असते, आणि संकेतस्थळ चालविणारी प्रक्रिया रूटच्या अधिकाराने जरी परवलीच्या शब्दांच्या फाइलीस हात घालू लागली, तरी त्या दोन चिठ्ठ्यांचा संबंध धोरणात मंजूर नसल्यास गाभा तिला अटकाव करून त्या प्रयत्नाची नोंद दप्तरी ठेवतो. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी एकाच सुरक्षा-योजनेऐवजी अनेकींना सामावणारी चौकट मागितली, त्यानंतर गाभ्याच्या २.६ या आवृत्तीत (२००३) एसईलिनक्सचा अंतर्भाव झाला. धोरणलेखनाची क्लिष्टता हा तिचा मोठा दोष असून कित्येक व्यवस्थापक कंटाळून ती बंदच करून टाकतात. अँड्रॉइड ४.३ पासून ती भ्रमणध्वनींतही आली आहे.