क्लोरीन आणि मळ



२६ जुलै २००५ हा दिवस उपनगरवासीयांस विसरणे शक्य नाही. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेने ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. घाटकोपरला आमच्या इमारतीच्या तळटाकीत गटाराचे पाणी शिरले. पूर ओसरल्यावर आम्ही चार शहाण्या माणसांनी टाकी न उपसताच तीत ब्लीचिंग पावडरची पिशवी रिकामी केली. उग्र वास सुटला व आम्ही निर्धास्त झालो. दुसऱ्या दिवशी वास पार नाहीसा झाला. तो कोठे गेला, हे विचारण्याची बुद्धी कोणासही झाली नाही. महिन्याभराने शेजारची दोन मुले काविळीने अंथरुणास खिळली. दोष त्या टाकीचाच, असे मी शपथेवर सांगणार नाही. परंतु जन्मभर वर्गात 'का?' असे विचारीत आलेल्या मला तो वास आजही टोचतो.

क्लोरीनला मळ व रोगबीज यांतील भेद कळत नाही. पाण्यात त्याचे हायपोक्लोरस आम्ल होते आणि ते वाटेत भेटणाऱ्या सेंद्रिय द्रव्यावर खर्ची पडते. मैल्यातील अमोनियाशी संयोग पावून त्याचे क्लोरॅमिन बनते; त्याचा मारा फार मंद. शिवाय गाळाच्या कणांत दडलेल्या विषाणूपर्यंत औषध पोहोचतच नाही.

ही गोष्ट जगास उशिरा उमगली. १९०३ सालची रिडील-वॉकर कसोटी जंतुनाशकांची परीक्षा स्वच्छ पाण्यात घेई. १९०८ साली लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक व चार्ल्स मार्टिन यांनी पाण्यात वाळलेल्या विष्ठेची पूड मिसळून तीच परीक्षा घेतली, तेव्हा कित्येक नामांकित औषधांचे तेज उतरले.

आपल्या देशास हा धडा दिल्लीत मिळाला. १९५५ च्या अखेरीस यमुनेचा प्रवाह बदलला आणि नजफगढ नाल्याचे मैलापाणी वझिराबादच्या उपसा केंद्रापाशी आले. क्लोरीनची मात्रा वाढविण्यात आली. विषमज्वराची साथ उद्भवली नाही, जंतू मेले. परंतु डिसेंबर व जानेवारीत सुमारे २९,००० माणसे काविळीने आजारी पडली. विषाणू जंतूंहून चिवट ठरला. जपून ठेवलेले रुग्णांचे रक्तजल १९८० च्या सुमारास तपासले गेले. त्या संशोधनात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या डॉ. खोर्शेद पावरी प्रभृतींचा वाटा होता. ही कावीळ 'अ' वा 'ब' प्रकारची नव्हती, असे तेव्हा आढळले. तिलाच पुढे 'ई' हे नाव मिळाले. गर्भवती स्त्रियांना ती विशेष घातक असते.

म्हणूनच भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रात पाणी निवळून, वाळूतून गाळून घेतल्यावरच अखेरचा क्लोरीन देतात. भारतीय मानक शिल्लक क्लोरीन मोजावयास सांगते: लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम, आणि विषाणूंपासून रक्षण हवे तेथे ०.५. किती घातला याला महत्त्व नाही, किती उरला याला आहे.

तरीही २०२० च्या साथीत आपल्या गल्ल्यांतून हायपोक्लोराइटचे फवारे उडालेच. धूळ व घाण क्लोरीनला निष्प्रभ करतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने त्या मे महिन्यात बजावले होते.

आमच्या आजीस रसायनशास्त्र ठाऊक नव्हते; पण घागर आधी घासावी, मग भरावी, हे तिला पक्के ठाऊक होते. आता आमच्या इमारतीची टाकी प्रथम उपसली जाते, घासली जाते. पावडरीची पाळी त्यानंतर येते. एवढे शहाणपण आम्हांस त्या दोन मुलांनी शिकविले. सुदैवाने ती दोघेही बरी झाली.