तारखा बाजूबाजूला ठेवल्यावर : मौलाना आझादांची नगरच्या किल्ल्यातली पत्रं

अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात गेलं की नेहरूंची खोली आवर्जून दाखवतात. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तिथं लिहिलं गेलं. त्याच कैदेत काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद यांनी उर्दूतलं एक विलक्षण पुस्तक लिहिलं, ‘गुबार-ए-खातिर’. नावाचा अर्थ, मनावरची धूळ. आपल्या घरांत मौलानांचं नाव अदबीनं घेतलं जातं, पण हे पुस्तक उघडलं जातं ते एखादं सुंदर वाक्य शोधायला. मीही तसंच वाचत आलो होतो.

ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत अटक झाल्यावर मौलाना इथं आले. पत्रं लिहिली ती विद्वान स्नेही हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना. पण किल्ल्यातून ती टाकता येत नव्हती. म्हणजे ज्याला लिहिलं त्याच्या हाती ती पडणार नाहीत, हे ठाऊक असूनच लिहिलेली ही पत्रं. पुस्तक निघालं १९४६ मध्ये. मग याला पत्र म्हणायचं, निबंध की रोजनिशी? हा प्रश्न मनात ठेवून वाचलं की मजकूर वेगळा दिसू लागतो.

त्यातलं चिमण्यांचं पत्र सगळ्यांचं लाडकं. खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी मौलानांची आधी लढाई होते आणि मग दोस्ती. मी बरीच वर्षं सांगत असे की, पत्नी मरणाच्या दारात असताना मौलानांनी दुःख लपवायला हे पत्र लिहिलं. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येत.

एकदा तारखा बाजूबाजूला मांडल्या. चिमण्यांचं पत्र १७ मार्च १९४३ चं. जुलेखा बेगम यांच्या धोकादायक आजाराची पहिली खबर मौलानांना मिळाली २३ मार्चला. ९ एप्रिलला त्या कोलकात्यात वारल्या. माझी कहाणी सहा दिवसांनी खोटी ठरली.

दुःख खरोखर आहे ते ११ एप्रिलच्या पत्रात. सरकारकडे काही मागायचं नाही, हे त्यांनी ठरवलं होतं. रोजचा क्रम त्यांनी बदलू दिला नाही. आणि मग ते स्वतःच कबूल करतात की वरवरची ती शांतता हा मनाच्या अहंकारानं रचलेला देखावा होता. शेवटी आवारातली एक जुनी, अनोळखी कबर त्यांना नव्यानं आपली वाटू लागते.

माझ्या रचलेल्या कहाणीत मौलाना पहाडासारखे होते. त्यांच्या स्वतःच्या लिखाणात ते माणूस आहेत. चिकित्सा केली की आदर कमी होतो, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. माझा तरी अनुभव उलटा आहे. भक्तीनं वाचलं तेव्हा मला माझीच भावना दिसली. तारखा तपासल्या तेव्हा मौलाना भेटले.